अशी बाई इथे राहत नाही

माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली, तेव्हा मी मोहाडी तालुक्यातल्या एका गावात, विणकरांच्या गल्लीत, भाड्याच्या खोलीत राहत होते. तिथला तो अकरावा महिना होता. त्याआधीच्या सहा वर्षांत मी कुठेही पाच महिन्यांपेक्षा जास्त राहिले नव्हते.

काम एका परदेशी वृत्तसेवेचे होते. बंदरे, जहाजे आणि मालवाहतूक यांच्या बातम्या तपासायच्या, जहाजाचे नाव बरोबर आहे का, माल किती टन, कोणत्या धक्क्याला लागले, हे पाहून बातमी पुढे सोडायची. पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन. चौदा वर्षे वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून जे केले, तेच आता लॅपटॉपवर करत होते. हे काम कुठूनही करता येई, म्हणून मी कुठेच राहत नव्हते. कागदोपत्री माझा पत्ता पुण्यातल्या एका सदनिकेचा होता. ती इमारत पाडून तिच्या जागी दुसरी उभी राहिली होती, आणि त्या क्रमांकाची सदनिका नव्या इमारतीत नव्हती.

वृत्तसेवेशी करार दरवर्षी नव्याने होई. त्यासाठी मुदतीतला पासपोर्ट लागे. दुसरे कोणतेही ओळखपत्र त्यांच्या यंत्रणेत चालत नसे. या वर्षी शेवटची तारीख डिसेंबरअखेरची होती. तोवर नवा पासपोर्ट हातात आला नाही तर करार आपोआप संपणार होता. असा संपलेला करार परत सुरू होत नाही, हे मी दोन सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले होते.

फिरत राहून काम करण्याबद्दल लोकांच्या कल्पना डोंगर आणि समुद्राच्या असतात. प्रत्यक्षात बरेचसे लक्ष विजेच्या प्लगकडे असते. खोली पाहायला गेले की मी आधी प्लग पाहते, मग खिडकी कोणत्या दिशेला आहे, मग दाराची आतली कडी. नेटचा वेग मोजते, तो सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. प्रत्येक गावात पहिली खरेदी बादलीची असते आणि निघताना मागे राहणारी वस्तूही बादलीच. दोन पिशव्यांत मावणार नाही ते घ्यायचे नाही, हा नियम पहिल्या वर्षी कष्टाने पाळला. नंतर तो पाळावा लागला नाही, कारण काही घ्यावेसे वाटेनासे झाले.

भंडारा जिल्हा मी निवडला नव्हता. नागपुरातल्या ओळखीच्या एका बाईंना कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी हवी होती, ती थेट विणकराकडून घ्यायला मी इथे आले. गल्लीच्या तोंडाशी खांबावर इंटरनेटच्या फायबरची पेटी दिसली. साडी दाखवणाऱ्या बाईंना मी विचारले, इथे एखादी खोली भाड्याने मिळेल का? त्या मागावर बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागची खाली हाये. पर मागाचा आवाज सोसावा लागन." मी तीन महिन्यांचा करारनामा केला. नेट चालू राहिले, बाकी अडचण आली नाही, आणि मुदत तीनदा वाढवली.

त्या घरमालकीणबाई साठीच्या आसपासच्या होत्या. मी त्यांना काकू म्हणत असे, त्या मला ताई म्हणत. नवरा वारलेला. मुलगा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला, कंपनीच्या वसाहतीत राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी यायचा. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग होता. काकू खड्ड्यात पाय सोडून बसत, सकाळी सातला आडवा धागा नेणारा धोटा सुरू होई. तो थांबे नऊला, जेवणासाठी. माझी वृत्तसेवेची बैठक मी त्या नऊच्या वेळेवर नेली. इतर वेळी फोनवर बोलले की पलीकडचे विचारत, तिकडे काही दुरुस्ती चालू आहे का?

पासपोर्टचा अर्ज मी दिवाळीनंतर केला, राहत्या खोलीच्या पत्त्यावर. नागपूरला जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो देऊन आले. आता पोलिस पडताळणी बाकी होती. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर खरेच राहतो की नाही, एवढेच त्यात पाहायचे असते. मी काकूंना त्याबद्दल काही सांगितले नाही. ठाण्यातून फोन येईल, मी जाऊन सही करून येईन, असे गृहीत धरले होते.

तीन आठवड्यांनी मोबाइलवर संदेश आला, पडताळणीचा अहवाल प्रतिकूल. ठाण्यात फोन केला. ज्या हवालदाराने चौकशी केली होती, तोच फोनवर आला.

"बाई, तुमी राहता कोठी नेमकं?"

मी पत्ता सांगितला.

"त्या पत्त्यावर मी स्वतः गेलो होतो जी. चार घरी विचारलं. चारही घरी सांगितलं, अशी बाई इथं राहत नाही. दोन डाव फोन लावला, तुमी उचलला नाही. मी लिहू त काय लिहू?"

त्याने दिवस आणि वेळ सांगितली. बुधवार, सकाळी अकरा. मी त्या वेळी माझ्या खोलीत होते. दार लावलेले, कानावर हेडफोन, एका जहाजाच्या बातमीत दोन वेगवेगळी वजने आली होती ती जुळवत होते. पाळीत मी अनोळखी नंबर उचलत नाही. हवालदार माझ्यापासून पंधरा पावलांवर उभा होता.

काकू मागावरच होत्या. मी विचारले, "काकू, मागच्या बुधवारी कोणी माझी चौकशी करायला आलं होतं का?"

धोटा थांबला नाही. "आला होता ना. मोटरसायकलवर. डोऱ्याले काळा चष्मा."

"मग?"

"मंग काय? सांगतलं, अशी कोनी बाई इथं राहत नाही."

"मी आत होते तेव्हा."

"म्हनूनच त सांगतलं. तुमी आत, दार लावून, एकल्या. अना हा मानूस दारात उभा राहून नाव घेऊन विचारते, कवापासून राहते, सोबत कोन राहते, कवा घरी सापडते. मी काय त्याले खोली दाखवू? तुमच्या चपला दारात होत्या, त्यावर मी हे टाकलं." त्यांनी शेजारच्या गोणपाटाकडे बोट दाखवले. "पानी देलं त्याले. पेला, अना गेला. भला मानूस होता तसा."

"काकू, ते पोलिस होते."

आता धोटा थांबला.

"पोलिस असे राहते? टोपी नाही, काठी नाही?"

मी पासपोर्ट, पडताळणी आणि करार हे सगळे क्रमाने सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. शेवटी फक्त एक विचारले, "म्हंजे कागद नाही आला त तुमचं काम जाते?"

"जाते."

त्यांनी ताण्यातला, मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांतला, एक तुटलेला धागा शोधला आणि जोडला.

समोरच्या किराणा दुकानदाराकडे गेले. तो हसायलाच लागला. "मले त त्यानं मोबाइलात तुमचा फोटो दाखवला. मी म्हटलं, हे बाई त मोठ्या शहरातली दिसते बापा, आमच्या गल्लीत कायले येते!"

"तुम्ही मला रोज दूध देता."

"दूध देतो म्हनून त नाही सांगतलं!"

कोपऱ्यावरच्या घरातल्या म्हाताऱ्याने आपल्याला ऐकू येत नाही अशी खूण केली होती. वास्तविक त्याला चांगले ऐकू येते. चौथ्या घरातल्या सुनेने सांगितले होते की घरात कोणी मोठे नाही, सगळे करडी गावाला नातेवाइकांकडे धान चुरायला, म्हणजे मळणीला, गेले आहेत, आणि तिला काही माहीत नाही. चौघांपैकी कोणीही दुसऱ्याशी बोललेले नव्हते. मी ज्या धंद्यात वाढले त्याच्या भाषेत ही चार स्वतंत्र सूत्रांनी दुजोरा दिलेली माहिती होती. हवालदाराच्या जागी मी असते तर तेच लिहिले असते.

वृत्तसेवेतल्या माझ्या वरिष्ठ बाई दुसऱ्या देशात बसत. त्यांना कळवले. त्यांचे उत्तर सभ्य होते. तारीख त्यांच्या हातात नाही, यंत्रणा स्वतःच करार बंद करते, लवकर व्हावे अशी इच्छा आहे. मी दिवस मोजले. फेरपडताळणी, छपाई, टपाल, सगळे सुरळीत झाले तर बारा दिवस. हातात एकवीस होते.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ठाण्यात गेले. ठाणेदारांनी कागद पाहिला आणि उपाय सोपा असल्याचे सांगितले. घरमालक आणि दोन शेजारी यांनी लेखी द्यायचे आणि समक्ष यायचे. मजकूर हवालदारानेच काढून दिला. ठाण्यात अशा कागदाचा एक ठरलेला नमुना असतो. त्यात पहिले वाक्य होते, "मी चौकशीच्या वेळी खोटी माहिती दिली, त्याबद्दल मी दिलगीर आहे."

तो मी काकूंना वाचून दाखवला. त्यांनी परत वाचायला सांगितले. मग म्हणाल्या, "ह्यावर मी सही नाही करत."

"काकू, हा फक्त नमुना आहे. सगळ्यांना हाच देतात."

"सगळ्याईले देत असन. खोटी हा शब्द माह्या नावाखाली नाही लागला पायजे. ठान्यात एकदा लिवलं का ते राहते." त्यांनी मागाकडे हात केला. "हा कोसा व्यापारी मले घरी आनून टाकते. कागद नाही, पावती नाही. चाळीस वर्सं झाली. ते कशावर टाकते? माह्या बोलन्यावर. त्याच्या कानावर गेलं का बाईनं खोटं सांगतलं म्हनून ठान्यात लिहून देलं, मंग?"

मी आग्रह करू शकले असते. केला नाही. त्यांनी जे केले ते माझ्यासाठी केले होते, आणि आता मी त्यांना त्याचीच कबुली द्यायला सांगत होते. शुक्रवार गेला, शनिवार गेला. माग नेहमीच्या वेळी सुरू होई, नेहमीच्या वेळी थांबे. आम्ही एकमेकींशी पाणी आणि विजेबद्दल बोललो. रविवारी चिखल्याहून मुलगा आला. त्याला गल्लीतच सगळे कळले होते.

"आई, करून टाक ना सही. एवढं काय त्यात?"

"तुही सही नाही ना लागत."

"ताईचं काम जाऊन राहिलं ना पर."

"मले मालूम नाही का? तीन दिवस तेच धोट्यात येऊन राहिलं माह्या. पर खोटं लिहून नाही देत."

तो जेवून गेला. मी खोलीत जाऊन नमुना पुन्हा वाचला, या वेळी एखादी बातमी तपासावी तसा. तेव्हा लक्षात आले की काकूंचे बरोबर होते. त्या वाक्यातून असे दिसत होते की काकूंनी पोलिसांना फसवले. पण समोर पोलिस आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. तीन दिवस मी हे वाक्य खरे धरून चालले होते, ते ठाण्यातून आले म्हणून. वर्तमानपत्रात नव्या उपसंपादकाने असे केले असते तर मी त्याला कागद परत दिला असता.

मी दुसरा कागद घेतला आणि घडले ते क्रमाने लिहिले. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास एक अनोळखी माणूस मोटरसायकलवरून आला. त्याच्या अंगात गणवेश नव्हता. आपण पोलिस असल्याचे त्याने सांगितले नाही. त्याने घरात एकट्या राहणाऱ्या बाईची माहिती विचारली. अनोळखी पुरुषाला अशा बाईचा ठावठिकाणा आमच्या गल्लीत कोणी सांगत नाही. म्हणून मी अशी बाई इथे राहत नाही असे सांगितले. ही बाई माझ्या घरी भाड्याने राहते.

काकूंनी ऐकले. "पानी देलं ते कोठी हाये?"

"त्याची इथे गरज नाही."

"गरज हाये. नाही त वाचनाऱ्याले वाटन का बाईनं दारातून हाकललं."

मी पाणी घातले.

"अना चष्मा काळा होता."

चष्मा घातला नाही. त्यावर थोडा वाद झाला. मग त्यांनी सही केली, मोठ्या, सुट्या अक्षरांत.

सोमवारी दुपारी माग बंद ठेवून काकू, दुकानदार आणि कोपऱ्यावरचे म्हातारबाबा माझ्याबरोबर ठाण्यात आले. काकूंनी कोशाची साडी नेसली होती. अंगावर घरची वीण असली म्हणजे बोलायला बरे पडते, असे त्यांनी दुकानदाराला सांगितले. ठाणेदारांनी कागद वाचला. हवालदाराला बोलावले.

"काय रे, पोलिस आहो म्हणून सांगितलं नव्हतं का?"

"नाही साहेब. बाईची चौकशी होती. पोलिस म्हटलं का गल्लीत लोक भलतंच समजते, बाईचं नाव खराब होते. म्हणून मी बाईच्या केसमध्ये साधंच विचारतो, सिव्हिल ड्रेसमध्ये."

काकूंनी त्याच्याकडे पाहिले. "हे त चांगलं केलं तुमी. पर मंग चष्मा काढून याचं ना."

ठाणेदार हसले. हवालदारही हसला. म्हातारबाबाही हसले, तेव्हा हवालदार त्यांच्याकडे वळून म्हणाला, "बाबा, तुमाले त आयकू येत नव्हतं!"

"कवाकवा येते," म्हातारबाबा म्हणाले.

मग मुख्य प्रश्न आला. या बाई तुमच्याकडे कधीपासून राहतात? मी तारीख सांगायला तोंड उघडले. ठाणेदारांनी हात वर केला. हे घरमालकाने सांगायचे होते.

काकूंनी मोजायला बोटे धरली. "ह्या आल्या तवा मागावर हळदी ताना होता, अर्धा झाला होता. तो उतरला. मंग निळा. मंग दोन पांढरे, ते लग्नसराईचे. मंग जांभळा, तो बिघडला, दीड महिना खाल्ला त्यानं..." असे करत त्या आता मागावर असलेल्या ताण्यापर्यंत आल्या. एका ताण्याला महिना, थोडे कमी-जास्त. मध्ये भाचीच्या लग्नात आठ दिवस माग बंद, दिवाळीत पाच. हवालदार कागदाच्या कोपऱ्यावर बेरीज करत होता. त्याने काढलेली तारीख आणि करारनाम्यावरची तारीख यांत सहा दिवसांचा फरक निघाला.

"सहा दिवस कोठी गेले काकू?" दुकानदाराने विचारले.

"जांभळ्या तान्यात असन," काकू म्हणाल्या.

ठाणेदारांनी करारनाम्यावरची तारीख लिहिली आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. हवालदाराने आपल्या अहवालात माझा कागद जोडला, एकही शब्द न बदलता. परत येताना ऑटोत काकू मला म्हणाल्या, "आता तुमी-तुमी नाही म्हनत मी. तू माह्या सहीवर राहतेस." त्या दिवसापासून त्या मला एकेरीत बोलू लागल्या.

चार दिवसांनी मोबाइलवर संदेश आला, अहवाल अनुकूल. सत्तावीस तारखेला पोस्टमन पासपोर्ट घेऊन आला आणि ओळखपत्र पाहून त्याने माझी सही घेतली. बारा वाजले होते. मी पाळीतून दहा मिनिटे मागून घेतली, पाने स्कॅन केली आणि वृत्तसेवेच्या यंत्रणेत चढवली. दीड वाजता कराराचा नवा कागद आला. त्यात राहत्या पत्त्याचा रकाना होता. मागची सहा वर्षे मी त्यात पुण्यातली ती सदनिका लिहीत आले होते. या वेळी पासपोर्टवरचा पत्ता लिहिला, सही केली आणि पाठवून दिला. करार झाला. वरिष्ठ बाईंनी अभिनंदनाची एक ओळ पाठवली आणि लगेच एका जहाजाची बातमी.

दोन वाजता मी बाहेर आले. काकूंनी हात पुसून पासपोर्ट मागितला. फोटोचे पान पाहिले, फार वेळ नाही. मग पाने उलटत शेवटच्या पानावर आल्या. तिथे पत्ता छापलेला असतो. त्यांनी तो अक्षर-अक्षर लावून वाचला, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा.

"हे किती दिवस चालते?"

"दहा वर्षे."

"दहा वर्सं!" त्यांनी पान मिटले. "तू त फेब्रुवारीत चालली."

मी फेब्रुवारीत हिमाचलात एक खोली पाहून ठेवली होती. हे मी त्यांना आधीच सांगितले होते.

"हो. पण पत्ता इथलाच राहील. पासपोर्ट बदलेपर्यंत."

"म्हंजे तुले विचारत कोनी आला त इथंच येन?"

"इथेच."

"अना तू नाही राहनार."

"नाही."

त्या खड्ड्यात उतरल्या, पाय मागाच्या पायपट्ट्यांवर, पावड्यांवर, ठेवले आणि ताणा हाताने चाचपून पाहिला. "पोलिस असन त सांगन का राहते. कागद हाये माहा तसा."

"आणि पोलिस नसला तर?" मी विचारले.

"नसन त काय सांगाचं ते मले मालूम हाये," काकू म्हणाल्या आणि धोटा फेकला.